ई-२०ची किंमत कोण मोजतंय?

एक लिटर निव्वळ पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक लिटर इथेनॉलमधून मिळते २१. पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल मिसळलं (हेच ई-२०), की त्या लिटरात उरते २९.८ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ सात टक्के कमी. पंपावरचं मीटर मात्र लिटर मोजतं आणि भावही लिटरचाच लावतं. ई-२० वरून जो गदारोळ झाला त्याचं मूळ एवढ्याशा गणितात आहे. सीएनजी, वीज, हायड्रोजन यांच्या चर्चेतही हेच गणित बाजूला पडतं. लिटर, किलो आणि युनिट यांची आपसात तुलना होऊ शकत नाही. गाडीवाल्याच्या खिशातून दर किलोमीटरला किती रुपये गेले, एवढाच आकडा तिन्हींना सारखा लागू पडतो.

आधी ई-२० बद्दलचा अतिरेक दोन्ही बाजूंनी कमी करू. आपल्याकडे २०२२ पासून बहुतेक ठिकाणी ई-१० मिळत होतं, निव्वळ पेट्रोल नव्हे. ई-१० च्या लिटरात ३०.९ मेगाज्यूल असतात. तिथून ई-२० वर येताना ऊर्जा घटते ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास. निती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाच्या २०२१ च्या आराखड्यातही हेच आकडे निराळ्या रीतीने आले आहेत. मूळ निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, अशा दुचाकीचं ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकीचं १ ते २ टक्के. तेव्हा 'काहीच फरक पडत नाही' हे खोटं, आणि 'ॲव्हरेज एक तृतीयांश खाली आलं' हेही इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. इतकी घट झाली असेल तर फ्युएल फिल्टर, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि टायरमधली हवा तपासावी. त्यातलं एखादं कारण इथेनॉलमुळेच उद्भवलेलं असू शकतं, त्याबद्दल पुढे.

वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी घेतली, तर ई-१० वरून ई-२० वर गेल्याने सुमारे २३ लिटर जास्त लागतात. २०२५ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोल १०४ रुपयांच्या घरात होतं, त्या भावाने हे चोवीसशे रुपये. एवढ्यासाठी कोणी गाडी विकायला काढणार नाही. पण देशभरातल्या प्रत्येक पेट्रोल गाडीकडून, न विचारता, दरवर्षी हे पैसे घेतले जात असतील तर त्याला काहीतरी नाव द्यायला हवं. शिवाय जास्त जळणाऱ्या त्या प्रत्येक लिटरवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट पुन्हा भरावा लागतोच. महाराष्ट्रात तर व्हॅट टक्केवारीने अधिक लिटरमागे ठरावीक रक्कम असा दुहेरी आहे. इंधनाची ताकद कमी झाली, कर तसाच राहिला.

ग्राहकाला या घटीची भरपाई म्हणून करसवलतीचा विचार व्हावा, असं निती आयोगाच्या त्याच आराखड्यात म्हटलं होतं. जुन्या गाड्यांसाठी ई-१० पंपावर उपलब्ध राहावं, हीही सूचना होती. दोन्ही बाजूला पडल्या. मिश्रणाचं २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर ओढलं गेलं, २०२५ मध्ये ते गाठलंही, आणि इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ई-२० स्वस्त का नाही, यावर पेट्रोलियम मंत्रालयाचं उत्तर असं, की इथेनॉलच आता महाग झालं आहे. जुलै २०२५ अखेर वाहतूक आणि जीएसटीसह त्याची सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होती, शुद्धीकरण कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा जास्त. आकडा खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष सरकारच्या बाजूचा नाही. दोन तृतीयांश ऊर्जेचा माल पूर्ण ऊर्जेच्या मालापेक्षा महाग विकत घेऊन तो ग्राहकाच्या टाकीत सक्तीने ओतला जातो आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मग हा खर्च करण्यात अर्थच नाही का? आहे. परकीय चलन वाचतं, आणि साखर कारखान्याच्या हाती पैसा लवकर येतो. साखर गोदामात वर्षभर पडून राहते, इथेनॉलचं बिल मात्र तेल कंपन्या काही आठवड्यांत चुकते करतात. कोल्हापूर-सांगलीत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) थकण्याचं प्रमाण कमी व्हायला याची मदत झाली, हे ऊसपट्ट्यात कोणीही मान्य करील. पण हे शेतीचं अनुदान आहे. ते अर्थसंकल्पात दाखवावं, त्यावर विधिमंडळात-संसदेत चर्चा व्हावी. २०१५ ची स्कूटर चालवणाऱ्याच्या ॲव्हरेजमधून ते गुपचूप वळतं करण्याची गरज नाही.

ब्राझीलचा दाखला आपल्याकडे उठता-बसता दिला जातो, म्हणून तो पुरता पाहावा. तिथे १९७५ मध्ये 'प्रोआल्कूल' योजना सुरू झाली आणि फक्त इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. १९८९-९० च्या सुमारास साखरेला चांगला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले, आणि इथेनॉलची टंचाई होऊन गाडीवाले पंपावर अडकले. लोकांचा विश्वास उडाला तो थेट २००३ मध्ये फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्यावर परतला. आज तिथल्या साध्या पेट्रोलमध्येही ३० टक्के इथेनॉल सक्तीचं आहे. पण शेजारच्या नळीतून नुसतं इथेनॉल वेगळ्या भावाने मिळतं, आणि गाडीवाल्याला एक हिशेब तोंडपाठ असतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तरच ते भरायचं. म्हणजे ऊर्जेप्रमाणे भाव लावण्याचं काम तिथे ग्राहकच रोज करतो. आपण मिश्रणाची टक्केवारी तेवढी उचलली. शेजारची नळी आणि तिचा वेगळा भाव तिथेच राहिला.

आता जुन्या गाड्यांबद्दल. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचं साहित्य ई-२० ला चालणारं आहे. त्याआधीच्या गाडीत टाकी आणि इंजिन यांच्यामधलं रबर आणि हलके धातू हा कळीचा भाग. इथेनॉल साध्या नायट्राइल रबरात शिरतं, रबर फुगतं, मग सुकल्यावर कडक होऊन चिरतं. इंजेक्टरच्या ओ-रिंगा, फ्युएल पंपाचं सील, कार्ब्युरेटरच्या निडलचं टोक, डायफ्रॅम आणि पेट्रोलची नळी आधी जातात. नळीला हात लावल्यावर ती ओलसर किंवा चिकट लागली, गाडी बंद असताना बॉनेटपाशी पेट्रोलचा वास आला, तर थांबू नये. ही आगीची सूचना आहे. नळी बदलताना 'इथेनॉलला चालणारी' म्हणून मागावी, नाहीतर मेस्त्री दुकानात असेल ती टाकतो. दुसरं म्हणजे इथेनॉल चांगलं सॉल्व्हंट आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला डिंकासारखा थर ते सोडवतं, आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. जुन्या गाडीत ई-२० च्या पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलला तर पिकअपच्या बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात.

पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. ईसीयू (इंजिनाचा संगणक) असलेली गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून हे ओळखून इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवते. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला ही अक्कल नाही. ती पातळ मिश्रणावर चालते, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते आणि गरम होते. मेन जेट एक माप मोठं टाकणं हा त्यावर उपाय, आणि तो माहीत असलेले फिटर आता कमी होत चालले आहेत. ई-२० चं ऑक्टेन ९५ आहे, ई-१० चं ९१, हे सरकार आवर्जून सांगतं. त्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या नव्या इंजिनला होतो. जुन्या इंजिनला त्याने नवी ताकद येत नाही.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी थोडं असेल तर ते विरघळून जळूनही जातं. ते प्रमाणाबाहेर गेलं, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं, आणि पंपाची ओढणी नेमकी तळाशी असते. अशी गाडी टाकी उतरवून रिकामी केल्याशिवाय सुरू होत नाही; वरून ओतायच्या बाटल्या विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.

पंपावर नेमकं किती टक्के इथेनॉल मिळालं हे घनतेवरून कळत नाही. १०० मिलीच्या मापनळीत १० मिली पाणी घ्यावं, १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरावं, हलवून दहा मिनिटं स्थिर ठेवावं. इथेनॉल खाली पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरून २८ मिलीच्या आसपास गेला तर ९० मिली पेट्रोलात १८ मिली इथेनॉल होतं, म्हणजे ई-२०. हे उघड्यावर आणि ठिणगीपासून दूरच करावं.

इथेनॉलच्या वाटेत महाराष्ट्र पहिल्यापासून आहे. २००१ मध्ये मिश्रणाचे जे प्रायोगिक प्रकल्प झाले त्यांपैकी दोन मिरज आणि मनमाडला होते. म्हणून पाण्याचा प्रश्न आपण तरी टाळू नये. निती आयोगाच्याच हिशेबाने एक टन उसातून ७० लिटर इथेनॉल निघतं आणि त्या एका लिटरमागे शेतात २,८६० लिटर पाणी लागतं. ४० लिटरची टाकी ई-२० ने भरली की तिच्यात ८ लिटर इथेनॉल येतं. ते थेट रसापासून केलं असेल तर सव्वा क्विंटलच्या आत-बाहेर ऊस आणि तेवीस हजार लिटर पाणी, एका टाकीसाठी. मळीपासून केलेल्या इथेनॉलला हा हिशेब जसाच्या तसा लावणं अन्यायाचं, कारण ऊस साखरेसाठी लावलेलाच होता. पण सी-हेवी मळीतून, म्हणजे साखर पुरती काढून घेतल्यावर उरलेल्या मळीतून, टनाला जेमतेम अकरा लिटर निघतं. त्यावर २० टक्के मिश्रण उभं राहत नाही. २०२३ च्या कमी पावसानंतर हे लख्ख दिसलं. डिसेंबरमध्ये सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी घातली, आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. कर्ज काढून आसवनी (इथेनॉल गाळण्याचा प्रकल्प) उभारलेल्या कारखान्यांचं गणित त्या हंगामात कोलमडलं. मग मका पुढे आला. तो आता इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल आहे. टनाला सुमारे ३८० लिटर निघतं, म्हणजे त्याच टाकीला एकवीस किलो मका. मक्याला भाव मिळाला हे शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलंच झालं, पण कोंबडीचं खाद्य त्याच मक्याचं असतं, आणि मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये आयातदार झाला. खनिज तेलाची आयात कमी करण्यासाठी खाद्याची आयात वाढवण्यात काय साधलं, याचं उत्तर कोणी देत नाही.

सीएनजीचा हिशेब याहून सरळ आहे. किलोला ८० रुपये आणि प्रत्यक्षातलं ॲव्हरेज २५ धरलं तर किलोमीटरला ३ रुपये २० पैसे. पेट्रोलवर तीच गाडी साडेसहा रुपये खाते. कंपनीच्या सीएनजी गाडीला ९५ हजार जास्त मोजले असतील तर ते २९ हजार किलोमीटरमध्ये वसूल होतात. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणाऱ्याला दीड वर्ष, ७०० चालणाऱ्याला साडेतीन. महिन्याला ३०० चालवणाऱ्याने सीएनजी घेऊ नये. आठ वर्षं डिकी गमावून बसण्याइतकी ही बचत मोठी नाही.

तोटे ठरलेले आहेत. वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा घेतो, म्हणून ताकद घटते: वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस (अश्वशक्ती), सीएनजीवर ५७. कसारा किंवा खंबाटकी घाटात भरलेल्या गाडीला हे जाणवतं. ६० लिटरच्या टाकीत २०० बार दाबाला नऊ किलोच्या आसपास वायू बसतो, पण संध्याकाळच्या गर्दीत पंपाचा दाब उतरलेला असतो आणि सात-साडेसातवरच काटा थांबतो. सकाळी लवकर भरणं हाच उपाय. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. पाटीवरची तारीख उलटली तर पंपवाला नळी लावत नाही आणि त्याचं बरोबर आहे. बाहेरून किट बसवलं असेल तर रिड्यूसरचा (वायूचा दाब उतरवणाऱ्या भागाचा) फिल्टर, स्पार्क प्लगची फट आणि व्हॉल्व्ह सीटची झीज यांकडे लक्ष हवं. सीएनजीवाल्यांना ई-२० मुळे एक नवीच डोकेदुखी झाली आहे. टाकीत तळाला पाच लिटर पेट्रोल टाकून वर्षभर हात न लावण्याची सवय आता महागात पडते. ते पाणी ओढतं, फ्युएल पंप धरतो आणि मग सकाळी पेट्रोलवर सुरू होणारी गाडी सुरूच होत नाही. आठवड्यातून वीस-पंचवीस किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवावी.

आणि हा वायूही सगळा आपला नाही. देशांतर्गत स्वस्त वायूचा शहरी कंपन्यांना मिळणारा कोटा २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोनदा कापला गेला आणि भाव चढले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला मुख्य वाहिनीत बिघाड झाला तेव्हा मुंबईत पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या. राज्य सरकारचं धोरण तर कुठल्या दिशेला चाललंय ते कळू नये असं: २०२२ मध्ये सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्के केला, २०२५ मध्ये सीएनजी गाड्यांच्या मोटार वाहन करात एक टक्का वाढवला.

विजेच्या गाडीचं अर्थकारण गाडीपेक्षा पार्किंगवर ठरतं. घरच्या सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटला, चार्जिंगमधली गळती धरून, लहान गाडी सहा किलोमीटर जाते. पण महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत, हे गाडी विकणारा सांगत नाही. घराचा वापर २०० युनिट असेल आणि गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालत असेल, तर १६७ युनिट वाढतात. त्यांतली पहिली १०० आधीच्या टप्प्यात बसतात, उरलेली ३०० च्या वरच्या महाग टप्प्यात जातात. सगळे आकार धरून १२ आणि १६ रुपये दर लावला तर किलोमीटरला सव्वादोन रुपये. ४०० युनिटवाल्या घराला त्याहून जास्त. गाडीसाठी वेगळं मीटर घेणं, किंवा स्मार्ट मीटर असेल तर सवलतीच्या दिवसाच्या वेळेत चार्ज करणं इथे कामाला येतं. सार्वजनिक फास्ट चार्जरवर मात्र युनिटला २२ रुपये पडले तर किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या आसपास होतात, सीएनजीपेक्षा जास्त, आणि वर अर्धा-पाऊण तास थांबणं. रोज बाहेर चार्ज करणाऱ्याने पैसे वाचवायला विजेची गाडी घेऊ नये.

किमतीतला फरक तीन लाख धरला तर घरी चार्ज करणाऱ्याचे ते सत्तर हजार किलोमीटरमध्ये फिटतात. महिन्याला १,५०० चालणाऱ्याला चार वर्षं. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे हा फरक थोडा वाढलाच. अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची टोलमाफी त्या रस्त्यांवर नेहमी जाणाऱ्याच्या हिशेबात जमेची.

वायरिंगकडे दुर्लक्ष करू नये. ३.३ किलोवॉटचा चार्जर नऊ-दहा तास सलग १५ अँपिअर ओढतो. गिझरसाठी बसवलेलं जुनं सॉकेट एवढा वेळ हा भार सहन करत नाही. सैल संपर्क तापून प्लग वितळतो. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि औद्योगिक सॉकेट, एवढं करून घ्यावं. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर दिवा लाल करून बसतो. दोष गाडीचा नसतो. आणि सोसायटीत मंजूर भार वाढवून घेण्याचा ठराव सभेत अडतो, तेव्हा तीन लाख जास्त मोजलेली गाडी मॉलमध्ये चार्ज करत हिंडावं लागतं. राज्याने नव्या अनुदानापेक्षा हा एक अडथळा काढला तरी जास्त गाड्या विकल्या जातील.

हायड्रोजनवर फार शब्द खर्चू नयेत. एक किलो हरित हायड्रोजनला (सौर-पवन विजेने पाण्यापासून केलेल्या) ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्यावर गाडी ११५ किलोमीटरच्या आसपास जाते. तीच वीज बॅटरीत भरली तर तीनशेच्या पुढे. ७०० बार दाबाचे पंप हा खर्च वेगळाच. हायड्रोजन खत कारखान्यांना आणि पोलादाला द्यावा.

म्हणून मागणी साधी ठेवता येते. प्रत्येक नळीवर इथेनॉलची टक्केवारी ठळक लिहावी. २०२३ पूर्वीच्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर तालुक्याला निदान एका पंपावर ई-१० ठेवावं. आणि इंधनाचा भाव, करासकट, लिटरवर न लावता मेगाज्यूलवर लावावा. १०४ रुपयांना ई-१० मिळत असेल तर त्याच मापाने ई-२० चा भाव शंभराच्या आसपास येतो. तेल कंपन्यांना हे चार रुपये परवडत नसतील, तर ते ज्या खात्यासाठी खर्च होत आहेत त्या खात्याच्या अर्थसंकल्पात दाखवावेत.